जावईबापूंचा डबा आणि आबांच्या गोळ्या

सप्रेम नमस्कार,

आम्ही अमळनेर तालुक्यातले. शेती कपाशी-मक्याची, मिस्टर माध्यमिक शाळेत शिक्षक. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक आणि शुगरची एक, अशा चालू होत्या.

दीड महिन्यापूर्वी आमचे जावई, म्हणजे धाकट्या नणंदेचे यजमान, एका कंपनीचे डबे घेऊन आले. ‘फ्लेव्होनॉइड अँटिऑक्सिडंट कॅप्सूल’, डबा ३,२०० रुपयांना. त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले. पाणी तांबूस झालं. म्हणाले, “आबा, हे तुमचं रक्त. आतून असं गंजलंय.” मग एक कॅप्सूल फोडून त्यात टाकली, चमच्याने ढवळलं, आणि पाणी नितळ! आम्ही सगळे बघतच राहिलो. यातले फ्लेव्होनॉइड पेशीचं आवरण वाचवतात, या शोधाला नोबेल मिळालंय, आणि तीन डबे पोटात गेले की बाकीच्या गोळ्यांची गरज राहत नाही, असं ते सांगून गेले.

चार दिवसांपासून आबांनी सगळ्या गोळ्या बंद केल्यात. मिस्टर बोलायला गेले तर एकच उत्तर, “डॉक्टरले काय समजस!” आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंद माहेरी येईल, जावई तिला सोडायला येतील, आणखी डबे आणतील. घरच्या जावयाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि दुसरं म्हणजे, मी स्वतः केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलंय. जावई सांगतात ते सगळंच खोटं आहे, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. नेमकं खरं काय आहे?

एक सून, अमळनेर तालुका

ताई,

तुमचं पत्र वाचलं तेव्हा उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून आधी फोन केला. आबांना त्याच दिवशी डॉक्टरांनी बोलावून घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आबा तुमच्यावर रुसले, इथपर्यंतची बातमी तुमच्या मिस्टरांनी दिली. रुसू द्या. हे सदर वाचणाऱ्या आणखी दहा घरांत असाच डबा आलेला असणार, त्यांच्यासाठी एवढं आधी सांगते. स्टेंट ही धातूची जाळी. रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू, तिच्यावर गुठळी धरायला रक्त टपलेलं असतं. आतून तिच्यावर नीट अस्तर चढेपर्यंतचे महिने ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दोन गोळ्या मिळून ती गुठळी थोपवतात. या काळात गोळ्या मनाने सोडल्या तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि मग ॲम्ब्युलन्स अमळनेरहून जळगाव किंवा धुळ्याला पोहोचेपर्यंत हृदयाचा किती भाग उरेल, सांगता येत नाही. गोळी कधी थांबवायची हे फक्त स्टेंट बसवणारे डॉक्टर ठरवतील. जावई नाही, आबा नाहीत, आणि मीही नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. तुम्हाला जी शंका आली ती बरोबर आहे. जावयांनी सांगितलेलं सगळं खोटं नाही, आणि अडचण तिथेच आहे. निव्वळ थाप असती तर आबांनी ती कधीच ओळखली असती, त्यांनी आयुष्यभर बियाण्याचे आणि खताचे विक्रेते पाहिलेत.

पेशीपटलापासून, म्हणजे पेशीच्या आवरणापासून सुरू करू. प्रत्येक पेशीभोवती फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचे दोन थर असतात. रेणूंची डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. सगळं मिळून जाडी ५ ते १० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा हिस्सा. या शेपट्या म्हणजे मेदाम्लं, आणि त्यातली बरीच असंतृप्त. तुमच्या कपाशीच्या सरकीतून जे तेल निघतं त्यातला निम्म्याच्या आसपास भाग लिनोलिक आम्लाचा असतो. तेच लिनोलिक आम्ल पेशीपटलातही आहे. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्या दोन बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. सगळी कमजोरी त्या एका जागी.

शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना काही अर्धवट, अस्वस्थ रेणू तयार होतच राहतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, पुस्तकात मुक्त मूलक. असा एखादा रेणू तो सैल हायड्रोजन उचलतो. ज्याचा हायड्रोजन गेला ते मेदाम्ल स्वतःच रॅडिकल बनतं, त्याला ऑक्सिजन येऊन चिकटतो, आणि मग ते आपल्या शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतं. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. कपाशीच्या काड्यांच्या गंजीला ठिणगी लागावी तसं हे पसरत जातं. शेवटी मॅलोन्डायआल्डिहाइडसारखे तुकडे उरतात, ते प्रथिनांना जाऊन चिकटतात. पटल ताठर होतं, गळू लागतं, आत-बाहेरच्या क्षारांचा हिशोब बिघडतो.

हे काही प्रयोगशाळेतच दिसतं असं नाही. वैशाख-जेठात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या शेंगदाण्यांना खवट वास मारतो ना, ती हीच रासायनिक क्रिया. तेल खवट होणं आणि पेशीपटलाचं ऑक्सिडीकरण होणं, दोन्हींचं गणित एक. फरक एवढाच की शेंगदाणा पडून राहतो आणि पेशीकडे स्वतःची दुरुस्तीची व्यवस्था असते. पटलातच व्हिटॅमिन ई बसलेलं असतं, स्निग्धाच्या हजारभर रेणूंमागे जेमतेम एखादं, आणि तेवढं पुरतं. ते स्वतःचा हायड्रोजन देऊन साखळी तोडतं. रिकामं झालेलं व्हिटॅमिन ई बाहेरच्या पाण्यातलं व्हिटॅमिन सी पुन्हा भरून देतं. शिवाय ग्लुटाथायोन आहे, कॅटालेजसारखी विकरं (एन्झाइम) आहेत. या व्यवस्थेला डबा लागत नाही.

फ्लेव्होनॉइड इथे कुठे येतात? वनस्पती हे रेणू स्वतःसाठी बनवतात: उन्हातल्या अतिनील किरणांपासून पानं वाचवायला, किडीला हटकायला, फुला-फळांना रंग द्यायला. हजारो प्रकार आहेत, पण सांगाडा सगळ्यांचा एकच. १५ कार्बन, दोन टोकांना सहा-सहा कार्बनांची कडी आणि मधे तीन कार्बनांचा सांधा. तुम्ही केमिस्ट्रीवाल्या, म्हणून पुढचं सांगते. क्वेर्सेटिनसारख्या फ्लेव्होनॉइडच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी असतात. तिथला हायड्रोजन तो सहज देऊन टाकतो, आणि दिल्यावर उरलेला सुटा इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यांवर पसरून शांत होतो, पुढे कुणाला त्रास देत नाही. दुसरं काम म्हणजे लोह आणि तांबं पकडून ठेवणं, कारण मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून फार जहाल रॅडिकल तयार करतं. आणि तिसरी गोष्ट जागेची: असे रेणू पटलाच्या पाण्याकडच्या काठाशी, डोक्यांच्या ओळीत जाऊन बसतात. हल्ला बाहेरून येणार असेल तर जागा मोक्याची आहे.

तांबड्या पेशींवर हे पाहणं सोपं जातं. तांबडी पेशी पोटात लोह घेऊन ऑक्सिजन वाहते, तिला केंद्रक नाही, नवी प्रथिनं बनवायची सोय नाही, आणि तरी तिला १२० दिवस काढायचे असतात. काचेच्या परीक्षानळीत अशा पेशी घेऊन त्यांच्यावर रॅडिकल सोडले तर त्या फुटतात आणि पाणी लाल होतं. आधी क्वेर्सेटिन घातलं तर उशिरा फुटतात. हे प्रयोग खरे आहेत, पुन्हा पुन्हा झालेले आहेत. जावयांच्या कागदावर जे वाक्य छापलेलं असेल, ‘पेशींच्या आवरणाचं ऑक्सिडेटिव्ह हानीपासून संरक्षण’, ते इथून उचललेलं आहे.

आता तो ग्लास. आयोडीनचा तांबूस रंग म्हणजे मूलद्रव्य स्वरूपातलं आयोडीन. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइडला रंग नसतो. एवढीच गंमत. ना त्यात गंज, ना रक्त, ना पेशी. आणि एक बारकावा पाहा. शुद्ध क्वेर्सेटिन ही पिवळी पूड आहे आणि ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कॅप्सूल टाकल्याबरोबर पाणी नितळ झालं असेल तर ती करामत बहुतेक फ्लेव्होनॉइडची नाहीच. डब्यावरची घटकांची यादी काढा आणि ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड’ शोधा. ते व्हिटॅमिन सी. असल्या कॅप्सूलमध्ये ते बऱ्याचदा घातलेलं असतं.

घरीच करून बघा. जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे दोन-तीन थेंब ग्लासभर पाण्यात टाका, चहासारखा रंग येईल. त्यात अर्धं लिंबू पिळा आणि ढवळा. रंग जातो. आबांना हे दाखवा, पण दोघंच असताना. लिंबाने तेच झालं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की माझी बाकीची दोन पानं वाचून दाखवायची गरजही पडणार नाही. ते पाणी मात्र कुणाला पिऊ देऊ नका, मोरीत ओता.

नोबेलचंही असंच आहे, अर्धं खरं. हंगेरीतले आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल मिळालं ते पेशीतल्या ज्वलनक्रिया आणि व्हिटॅमिन सी यांवरच्या कामासाठी. व्हिटॅमिन सी भरपूर मिळवायला त्यांनी काय वापरलं माहीत आहे? पॅप्रिका, म्हणजे त्यांच्याकडची लाल मिरची. नंदुरबारच्या पथारीवर वाळत पडलेल्या मिरचीचीच ही भावकी (वाळवताना व्हिटॅमिन सी बरंच उडून जातं, ताज्या मिरचीत खूप असतं). १९३६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिरची आणि लिंबापासून काढलेल्या फ्लेव्होनॉइडना ‘व्हिटॅमिन पी’ असं नावही दिलं होतं, बारीक रक्तवाहिन्यांची गळती त्याने थांबते म्हणून. पण हे न खाल्ल्याने अमुक रोग होतो, असं काही सिद्ध होईना. १९५० च्या सुमारास व्हिटॅमिनची ती पदवी काढून घेतली गेली. तर नोबेल आहे, पण ते या डब्याला नाही.

खरा घोळ होतो तो नळीतून शरीरात येताना. झाडात फ्लेव्होनॉइड बहुतेक वेळा साखरेच्या रेणूला जोडलेले असतात. आतड्यात ती साखर तुटते, थोडा भाग शोषला जातो, बाकीचा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत जातो आणि ते त्याचे तुकडे करतात. जे शोषलं गेलं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून टाकतात. शरीराला तो परका माल वाटतो, बाहेर घालवायची तयारी चालू होते. आणि हे जोडकाम होतं कुठे? बऱ्याच वेळा त्याच हायड्रॉक्सिल गटांवर, ज्यांच्या जोरावर नळीत एवढा पराक्रम झाला. मग रक्तात उरतं किती? लिटरमागे सहसा १ मायक्रोमोलपेक्षा (हे रेणू मोजायचं एकक) कमी, तेही काही तास. त्याच रक्तात व्हिटॅमिन सी ५० मायक्रोमोलच्या आसपास असतं आणि यूरिक ॲसिड २०० ते ४००. एवढ्या गर्दीत फ्लेव्होनॉइडने थेट रॅडिकल पकडायला किती वाव राहतो, हा हिशोब तुम्हीच करा.

यूरिक ॲसिडवरून आठवलं. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट ताकद वाढते, असं मोजमापात दिसायचं आणि सगळे फ्लेव्होनॉइडची पाठ थोपटायचे. २००४ मध्ये लोटिटो आणि फ्राय या दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं की ही वाढ बरीचशी फळातल्या फ्रुक्टोजमुळे यूरिक ॲसिड वाढतं त्याची आहे. नळीत मोजलेल्या अशा ताकदीचे आकडे डब्यांवर मोठ्या अक्षरांत छापले जायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर त्या आकड्यांचा आपला तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण जाहिरातवाले त्याचा गैरवापर करत होते आणि त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नव्हता.

म्हणजे फ्लेव्होनॉइड निरुपयोगी? तसंही नाही. आज अभ्यासकांचा कल असा आहे की ते स्वतः लढण्यापेक्षा पेशीला इशारा देतात, आणि पेशी मग स्वतःची संरक्षक विकरं वाढवते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही त्यांचा परिणाम दिसतो. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यात फ्लेव्होनॉइड जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू कमी. आणि ते येत कशातून होते? चहा, कांदा, सफरचंद. हे निरीक्षण आहे, पुरावा नव्हे, कारण कांदा आणि फळं खाणारा माणूस बाकीही बऱ्याच गोष्टी नीट करत असतो. तरी आबांच्या वयाच्या माणसांबद्दलचं आहे म्हणून सांगितलं.

गोळी-पुडीच्या रूपात दिल्यावर काय झालं ते यापेक्षा महत्त्वाचं. पटलाचा मुख्य पहारेकरी व्हिटॅमिन ई, म्हणून ते हृदयाचा धोका असलेल्यांना देऊन पाहिलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत साडेनऊ हजारांवर माणसं होती, सरासरी साडेचार वर्षं रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई. हृदयविकाराच्या झटक्यात काहीही फरक नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन किंवा व्हिटॅमिन ई दिलं, १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. आणि खास फ्लेव्होनॉइड गटातल्या फ्लेव्हॅनॉलवर कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली, २१ हजारांवर वयस्क माणसं, रोज कोकोच्या अर्कातून ५०० मिलिग्रॅम. २०२२ चा निकाल असा की हृदयाच्या एकूण घटनांत ठोस घट दिसली नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. ही दुसरी गोष्ट आशादायक आहे, तिची आणखी तपासणी व्हायला हवी. पण एक लक्षात घ्या, यातल्या कुठल्याच चाचणीत कुणाला नेहमीच्या गोळ्या बंद करायला सांगितलं नव्हतं.

कॅप्सूलचा धोका पैशांपुरताच नाही. मोठ्या मात्रेत आणि लोहाच्या सान्निध्यात हेच रेणू उलटे फिरतात आणि ऑक्सिडीकरण वाढवतात. ग्रीन टीचा अर्क अशा डब्यांत हमखास असतो. त्यातल्या ईजीसीजी या घटकाचं प्रमाण पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं तर यकृताची विकरं वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय. कपातून प्यायलेल्या चहाबद्दल हे नाही, अर्काबद्दल आहे. आबा कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, तिच्यासाठीही यकृतावर नजर ठेवावी लागते. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. दीड महिना कॅप्सूल पोटात गेली आहे, तेव्हा पुढच्या तपासणीला डबाच घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. लपवू नका.

आता ताटातलं. आमच्याकडे लगेच विचारतात, मग काय खायचं? खरं सांगायचं तर आबांच्या ताटात बरंचसं आधीपासून आहे.

भरिताचं बोलू. जांभळ्या वांग्याच्या सालीत नासुनिन नावाचं फ्लेव्होनॉइड असतं, ते लोह पकडतं आणि स्निग्धाचं ऑक्सिडीकरण रोखतं, असं प्रयोगात दिसलंय. हे वाचून लोक भरिताची महती गायला लागतात. पण जळगावच्या भरिताचं वांगं, २०१६ मध्ये ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते, हिरवट-पांढरं. जांभळा रंगच नाही तर नासुनिन कुठलं? आणि असतं तरी काड्यांवर भाजून साल आपण काढूनच टाकतो. गरात क्लोरोजेनिक आम्ल असतं, चिरलेलं वांगं काळं पडतं ते त्याच्यामुळेच. तेही अँटिऑक्सिडंट आहे, पण फ्लेव्होनॉइड नव्हे. तेव्हा भरीत चवीसाठी खावं. फ्लेव्होनॉइड त्यात घातलेल्या आणि सोबत कच्च्या खाल्लेल्या कांद्याच्या पातीत आहेत. वरून तेल ओतायचा हात मात्र आबांच्या वाटीपुरता आवरा.

कांदा हा आपला क्वेर्सेटिनचा सगळ्यात मोठा साठा. लाल कांद्यात भरपूर, पांढऱ्यात नगण्य. आणि तो बाहेरच्या पाकळ्यांत जास्त, गाभ्याकडे कमी. सोलताना कोरड्या टरफलासोबत पहिली मांसल पाकळीही ओढून काढायची सवय असते, तिथेच मोठा वाटा जातो. फक्त टरफल काढा. शिजवल्याने क्वेर्सेटिन फारसं नष्ट होत नाही, उकळलं तर पाण्यात उतरतं, म्हणून रस्सा असेल तर काही वाया जात नाही. कांद्यातलं क्वेर्सेटिन आतड्यात शोषलंही चांगलं जातं.

कळण्याची भाकरी चालू ठेवा, कारण उडीद सालासकट दळला जातो आणि डाळींचा हा माल सालीतच असतो. मूग आठवड्यातून दोनदा सालाचा असू द्या. शेवग्याचा कोवळा पाला मिळतो तेव्हा भाजी करा, त्यात क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल ही दोन्ही फ्लेव्होनॉइड आहेत. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत, पावसाच्या तोंडावर जांभळं; शुगर आहे म्हणून सरबतात साखर नको. मोसंबी रस काढून पिण्यापेक्षा फोडी करून खा, हेस्पेरिडिन हे तिचं फ्लेव्होनॉइड त्या पांढऱ्या पापुद्र्यात असतं, रसवंतीवाला नेमकं तेच फेकतो.

केळी? रावेर-यावलकडचे वाचक रागावतील, पण केळं या बाबतीत गरीबच. उलट त्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर भरपूर असतं, सोललेलं केळं काळं पडतं ते त्याने. दुसऱ्या फळांसोबत केळं मिक्सरमधून काढलं तर त्या फळांतल्या फ्लेव्हॅनॉलचाही ते फडशा पाडतं. केळं आख्खं खा, पोटॅशियम आणि पोटभरीसाठी खा. शुगरमुळे आबांना किती, ते डॉक्टरांना विचारून.

चहातही फ्लेव्होनॉइड खूप आहेत, पण ते जेवणातलं लोह बांधून ठेवतात. आबांना त्याने फारसा फरक पडणार नाही. तुम्हाला आणि सासूबाईंना पडेल. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं आणि जेवून हात वाळायच्या आत चहा लागतो. मधे तासभर जाऊ द्या.

राहिले जावईबापू. त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात राग आहे, तो मला कळतो. पण त्यांनी स्वतः डब्यांचा पहिला गठ्ठा विकत घेतल्याशिवाय कंपनीने त्यांना पुढे जाऊ दिलं नसेल. कापसाचा भाव पडलेल्या साली गावातली निम्मी तरुण मुलं असल्या कुठल्यातरी साखळी-विक्रीत सापडतात. ते आबांना फसवायला आले नव्हते, त्यांना जे शिकवलं ते त्यांनी करून दाखवलं. म्हणून लिंबाचा प्रयोग आखाजीच्या दिवशी भरल्या घरात करू नका. पुरणपोळी, आमरस, झोक्यावर पोरी, आणि मधेच जावयाचा पाणउतारा. त्याचे भोग तुमच्या नणंदेला सासरी वर्षभर भोगावे लागतील.

‘नाही’ तुम्ही म्हणू नका, सुनेने म्हटलं की त्याचा वेगळाच अर्थ लावला जातो. मिस्टरांनी त्यांना एकटं गाठून, शेताकडे चक्कर मारायच्या निमित्ताने, एवढंच सांगावं: “दाजी, आबांना डॉक्टरांनी बाहेरचं काहीही घ्यायला मना केलंय. डबा त्यांच्यासमोर काढू नका.” वादात उतरायचं नाही, रसायनशास्त्र तर अजिबात काढायचं नाही. पण गोळ्या सोडायचा सल्ला गावात आणखी कुणाला दिला असेल, तर त्याला आजच फोन करून सावध करा, हे मिस्टरांनी ठणकावून सांगावं. तिथे नात्याची भीड नको, एखाद्याचा जीव जाईल.

आबांना डब्याची मागची बाजू भिंगातून वाचायला द्या. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाचं वाक्य छापणं अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंधनकारक आहे, इंग्रजीत असेल तर तुम्ही अर्थ सांगा. कंपनी स्वतःच लिहून देते की हे औषध नाही. तसं वाक्यच नसेल तर प्रकरण आणखी संशयास्पद. अन्नसुरक्षेचा १४ आकडी परवाना क्रमांक दिसेल, तो म्हणजे रोग बरा होण्याची हमी नव्हे.

न उघडलेले डबे परत करता येतात का तेही पाहा. थेट विक्रीचे नियम डिसेंबर २०२१ मध्ये लागू झालेत, त्यानुसार विक्रेत्याने माल परत करण्याच्या आणि पैसे परत मिळण्याच्या अटी ग्राहकाला आधीच सांगायला हव्यात. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार कंपनीच्या नावाने करा, जावयांच्या नव्हे. बिल लागेल. ते जावयांकडे मागायला संकोच वाटत असेल तर नणंदेला सांगा. घरात असे किती डबे पडून आहेत आणि त्यापायी किती रक्कम अडकली आहे, हे तिला पक्कं ठाऊक असणार, आणि कदाचित तुम्ही विचारायचीच ती वाट बघत असेल.